वाकडी बेडकी

धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीतल्या कुणालाही विचारा. केस कापायचं दुकान त्याचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं की कात्रीच्या आधी याची जीभ सुरू व्हायची. लोक त्याला ‘रेडिओ’ म्हणायचे आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. अशा माणसाला त्याच्या वहिनीनं एक गुपित सांभाळायला दिलं. आता बोला!

पण गुपिताच्या आधी दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. खिडक्यांना काचा बसवायचा त्याचा धंदा. दारभर उंचीची काच तो एकटा उचलून जिन्यावरून न्यायचा, आणि खाली उभी असलेली घरमालकीण डोळे मिटून घ्यायची. आठवडाभर काच, आणि सुट्टीच्या दिवशी तलाव. गावाबाहेरच्या त्या तलावाचा अर्धा भाग कमळाच्या पानांनी आणि शेवाळानं झाकलेला. बाकीचे मासे धरणारे तिकडे फिरकायचेसुद्धा नाहीत, कारण गळ टाकला की माशाऐवजी पालाच हाताला लागायचा. दादा मात्र तिथेच जायचा. बास नावाचा मासा तिथेच दबा धरून बसतो, म्हणायचा. तोंड एवढं मोठं की मूठ आत जाईल. पानावरून बेडूक उडी मारतो कधी आणि मी गिळतो कधी, याचीच वाट बघत बसलेला असतो लबाड.

म्हणून दादाकडे बेडक्या होत्या. मऊ प्लॅस्टिकच्या, हिरव्या, तपकिरी, एखादी काळी. हातात धरली तर खरीच वाटावी अशी लुसलुशीत, मागे दोन लोंबते पाय. या बेडकीत गळ बसवणं हीच सगळी विद्या. गळ नाकातून आत घालायचा, हनुवटीखालून बाहेर काढायचा, त्याच्या मानेचा बाक नाकात अडकेपर्यंत ओढायचा, मग गळ उलटा फिरवून पोटातून वर पाठीपर्यंत आणायचा. आणि शेवटी टोक पाठीच्या कातडीखाली जरासं लपवायचं. जरासंच! जास्त लपलं तर मासा चावून निघून जातो, उघडं राहिलं तर पाला अडकतो. आणि गळ केसभर जरी वाकडा बसला तरी बेडकी पाण्यावर कुशीवर होते, गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो. दादा हे काम बोलता बोलता करायचा, बेडकीकडे न बघता. धाकट्याला त्याचं फार कौतुक. “आमचा दादा बेडकीला गळ असा घालतो,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “की बेडकीलाही पत्ता लागत नाही.”

मग एका सकाळी काच उचलताना दादाचा उजवा हात अचानक खाली आला. काच फुटली, दादाही जिन्यावर बसला. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून घरी आला तेव्हा पाय बरा झाला होता, बोलणं बरं झालं होतं. हात मात्र तसाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रबरी चेंडू देऊन गेल्या, म्हणाल्या, “हात वापरायचा. वापरला नाही तर तो विसरून जाईल, आणि मग कायमचाच विसरेल. हेच महिने काय ते कामाचे आहेत.”

दादानं चेंडू एकदा दाबला, बोटं निम्मीच मिटली. दुसऱ्यांदा त्यानं तो भिरकावला, तो कपाटाखाली गेला आणि तिथेच राहिला. उजवा हात मांडीवर ठेवून तो खिडकीशी बसायचा. कुणीतरी सांभाळायला दिलेली पिशवी ठेवावी तसा ठेवायचा तो हात. धाकटा रोज दुकान बंद करून यायचा आणि समजावायचा. समजावण्यात त्याचा हात कोण धरणार! पण दादा एवढंच म्हणायचा, “कुकुलं बाळ समजता काय रे मला? चेंडू खेळू?” आणि तोंड फिरवायचा.  ज्या भावानं धाकट्याला खांद्यावर बसवून पोहायला नेलं, तोच भाऊ आता चहाचा कप डाव्या हातानं उचलताना निम्मा चहा बशीत सांडायचा.

वहिनी समजावत बसायची नाही. ती सोफ्यांची कव्हरं शिवायची. घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं, उघडे पडलेले सोफ्यांचे सांगाडे, काथ्या, स्पंज, रेक्झिनचे तुकडे. दिवसभर तिच्या हातात ती अर्धगोल सुई. रेक्झिनच्या जाड दुमडीतून ती सुई आत कुठे जाते आणि बाहेर कुठे येते, हे तिचं तिला ठाऊक. पण टाके बघावेत तर मुंग्यांची रांग. तिच्या शिलाईत टाका इकडचा तिकडे होत नाही, असं सोफेवाले दुकानदार सांगायचे, आणि दुकानदार कुणाचं उगाच कौतुक करत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

एका संध्याकाळी वहिनीनं माळ्यावरून दादाची मासेमारीची पेटी काढली आणि त्याच्यासमोर पाट ओढून बसली.

“हे काय नवीन?” दादानं विचारलं.

“तलावावर जाणार आहे. तुम्ही जात नाही, तर मी जाते. एवढ्या चांगल्या गळाच्या काठ्या काय धूळ खात ठेवायच्या?”

दादा हसला नाही, पण बघायला लागला. धाकटाही तिथेच होता. वहिनीनं हिरवी बेडकी घेतली, गळ घेतला आणि घातला तो थेट बेडकीच्या डोळ्यात.

“अगं, नाकातून! डोळा फोडतेस काय तिचा?”

“इथूनच घालतात ना?”

“नाक, नाक! नाक कुठे असतं ठाऊक आहे ना तुला?”

दुसऱ्यांदा तिनं नाकातून घातला, पण तो गालातून बाहेर आला. बेडकीचं तोंड असं वाकडं झालं की धाकट्याला हसू आवरेना. दादाला मात्र हसू येत नव्हतं, त्याचा जीव वरखाली होत होता. ज्याला कलाकुसर येते त्याला दुसऱ्याची ढोबळ चूक बघवत नाही, हा जगाचा नियम आहे. तो खुर्चीतून पुढे वाकला, “फिरव. उलटा फिरव. अगं तशी नाही, बाई!” असं करत राहिला. त्या दिवशी तेवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा पाट ओढून बसली. तिसऱ्या दिवशीही. आणि बेडकी रोज वाकडीच.

धाकट्याला मनातून वाईट वाटायला लागलं. एवढ्या कसबी हाताची बाई, आणि एका बेडकीपुढे तिचं घोडं पेंड खातंय! असतं एखाद्याचं, त्यानं स्वतःची समजूत घातली. त्याला स्वतःला तरी कुठे पुरी लाटता यायची.

मग एका संध्याकाळी दादाचा संयम संपला. “दे इकडे!” तो ओरडला आणि डाव्या हातानं गळ हिसकावून घेतला. आता गळ एका हातात, पण बेडकी कोण धरणार? मऊ वस्तू ती, टेबलावर ठेवून भोसकली तर निसटते. दादा क्षणभर थांबला. आणि त्याचा उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत उठला, वेडावाकडा उठला, पण उठला. बोटांनी बेडकी धरली, ती निसटून खाली पडली. वहिनीनं उचलून ती पुन्हा त्याच बोटांत ठेवली आणि स्वतःच्या बांगडीकडे बघत राहिली. पुन्हा पडली, पुन्हा ठेवली. धाकटा दारात उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून शब्द फुटत नव्हता.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण धाकटा गप्प बसेल तर तो धाकटा कसला? दादा रोज संध्याकाळी घाम गाळत त्या बेडक्या सरळ करतो, हे त्याला बघवेना. त्याच्या मनानं घेतलं, या दोघांचे कष्ट आपण वाचवावेत. तो मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेला, तिथल्या म्हाताऱ्या मालकाकडून गळ बसवायला शिकला, बोटांत चार-पाच वेळा गळ घुसवून घेतला आणि सुट्टीचा अख्खा दिवस बसून पेटीभर बेडक्या तयार केल्या. सगळ्या सरळ, सगळ्यांची टोकं जराशीच लपलेली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, याचा यापेक्षा चांगला दाखला मिळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ती पेटी मिरवत घरी आला. दादा आत झोपला होता. वहिनी मागच्या खोलीत सोफ्याच्या सांगाड्यावर वाकून काथ्या भरत होती, दातांत दोरा. पेटी उघडून धाकट्यानं तिच्यापुढे धरली.

“बघा वहिनी! आता तुम्हालाही त्रास नाही आणि दादालाही नाही.”

वहिनीनं दातांतला दोरा काढला. पेटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला, भाऊजी?”

असा आवाज तिचा त्यानं कधी ऐकला नव्हता. ती खाली बसली आणि एकेक बेडकी उचलून गळ काढायला लागली. धाकटा ‘अहो, अहो’ करतोय तोवर निम्मी पेटी मोकळी झाली. मग तिनं एक बेडकी घेतली, एक गळ घेतला, आणि दारातून आतल्या खोलीत दादा जागा तर झाला नाही ना, हे बघता बघता गळ घातला. नाक, हनुवटी, बाक, फिरकी, पोट, पाठ. बेडकीकडे तिनं ढुंकून बघितलं नाही. मग ती बेडकी त्याच्या तळहातावर ठेवली. अंगावर सदरा बसावा तसा गळ बसला होता. धाकट्यानं पाठीवरून बोट फिरवलं तर टोक लागत नव्हतं, थोडं दाबलं तर टचकन लागलं. दादाच्या तोडीची होती ती.

“म्हणजे तुम्हाला येतं?”

“दिवसभर काय करते मी, भाऊजी? सुई ती सुई, गळ तो गळ.”

“मग रोज संध्याकाळी...”

“हळू बोला!” ती म्हणाली. “त्या व्यायामाच्या बाईंना विचारून आले मी, कुठलं बोट आधी, कुठलं नंतर. अंगठा आधी म्हणाल्या. म्हणून पहिल्यांदा गळ नाकात नीट घालत नव्हते, म्हणजे त्यांना बेडकी अंगठ्यानं दाबून धरावी लागावी. आता मधलं बोट. म्हणून काल बेडकीचा पाय गळात अडकवला होता. तो सोडवायला मधलं बोट लागतं.”

धाकटा तिथेच काथ्याच्या ढिगावर बसला. म्हणजे ही बाई रोज दुपारी सोफे शिवता शिवता विचार करत होती, आज संध्याकाळी चूक कोणती करायची! आणि चूक अशी की करणाऱ्याला फार येत नाही असं दिसावं, सुधारणाऱ्याला जमेल एवढीच अवघड असावी, आणि तिच्यातून नेमकं एक बोट जागं व्हावं. सरळ काम करणारे पुष्कळ बघितलेत हो, पण एवढं तोलून-मापून वाकडं काम करणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आपण तिची कीव करत होतो, हे आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“एक लक्षात ठेवा,” वहिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ झाला होता. “हे त्यांच्या कानावर गेलं ना, तर संपलं. माझी बायको मला लहान मुलासारखं खेळवते, असं वाटेल त्यांना. तो हात पुन्हा मांडीवर जाऊन बसेल, तो काही परत उठायचा नाही. मानी माणूस आहे. तुम्हाला त्यांची शपथ आहे.”

धाकट्यानं शपथ घेतली. आणि त्या दिवसापासून बिचाऱ्याचे हाल सुरू झाले.

गुपित पोटात ठेवायची सवय नसली की ते घशाशी येतं. दुकानात दहा वेळा जिभेवर आलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, “काय रे रेडिओ, वहिनी कशी आहे?” आणि याला एवढं भरून आलं की आरशाकडे पाठ करून उगाच वस्तरा धुवत बसला. संध्याकाळी घरी गेल्यावर तर आणखी कठीण. वहिनी बेडकी वाकडी करायची, दादा चिडायचा, “अगं, किती दिवस शिकवायचं तुला?” म्हणायचा, आणि याला तिथे मख्ख चेहऱ्यानं बसावं लागायचं. एकदा दादाचे केस कापताना तर शब्द अगदी दातांपर्यंत आले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि त्या नादात दादाचा एका बाजूचा कल्ला जास्तच वर गेला.

“आज बरं नाही का तुला?” दादानं आरशातून विचारलं. “गप्प आहेस.”

“घसा बसलाय.”

“हं,” दादा म्हणाला.

पण काम होत होतं. अंगठा आला, मधलं बोट आलं. करंगळी आळशी होती, तिच्यासाठी वहिनीनं गळाचं टोक पाठीतून भलतंच बाहेर काढायला सुरुवात केली. ते परत कातडीखाली सरकवायचं तर बेडकी सगळ्या मुठीत धरावी लागते. बेडक्यांची पार चाळण झाली. नाकं फाटली, तशी धाकटा नव्या आणून देऊ लागला. आणि एक दिवस दादानं उजव्या हातानं कप उचलला. अर्धाच भरलेला होता, पण सांडला नाही.  वहिनी उठून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिकडून कामाचा आवाज आला नाही.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दादा सकाळीच म्हणाला, “चला तलावावर. हिला शिकवून काही उपयोग नाही, मीच टाकतो.”

तिघं गेले. ऊन कोवळं होतं, पाणी स्थिर, पानं एकमेकांना चिकटून पसरलेली. वहिनीनं काठीवरच्या, दोरी गुंडाळायच्या रिळाचा दांडा आधीच दुसऱ्या बाजूला बसवून ठेवला होता, म्हणजे काठी डाव्या हातात आणि रीळ फिरवायला उजवा. दादानं दांड्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. पेटी उघडून त्यानं तपकिरी बेडकी काढली आणि स्वतःच गळ बसवला. वेळ लागला. कपाळावर घाम आला. धाकटा दोनदा पुढे सरकला आणि दोन्ही वेळा वहिनीनं त्याचा सदरा मागून ओढला. पण बेडकी बसली, आणि सरळ बसली.

पहिल्यांदा टाकली ती काठाजवळच पडली. दुसऱ्यांदा पानांच्या पार मध्यभागी. दादा उजव्या हातानं रीळ जरासं फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. बेडकी पानावरून पानावर टुणटुण करत येत होती, पोट खाली, पाय मागे, अगदी खरी. आणि एका पानाच्या कडेला पाणी फाटलं! धाडकन आवाज झाला, बेडकी दिसेनाशी झाली.

“ओढ!” धाकटा ओरडला. “दादा, ओढ!”

“गप्प!” दादा म्हणाला. तो थांबला. बास मासा बेडकी तोंडात घेतो, मग पाण्याखाली वळतो. तो वळायच्या आत ओढलं तर हातात नुसती दोरी येते. दादानं दोरीला जडपणा येईपर्यंत वाट बघितली, मग काठी उचलली. काठी वाकली. उजवा हात रिळावर थरथरत होता, घसरत होता, पुन्हा धरत होता. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी पाल्याचं भाराभर ओझं आणि त्यात गुंडाळलेला हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा काठाला आला. दादानं त्याला खालच्या ओठाला धरून उचललं, उजव्या हातानं, एक क्षण मिरवलं आणि सोडून दिलं. “जा बाबा, तुझे फार उपकार झाले,” म्हणाला.

धाकटा वेड्यासारखा नाचत होता. वहिनी गवतात बसून राहिली होती, पदर तोंडाला लावून.

त्या बेडकीचे दोन्ही पाय माशानं तोडून नेले होते. दादा खाली बसला, नवी हिरवी बेडकी काढली, मग ती आणि गळ दोन्ही वहिनीपुढे धरलं. “माझा हात दमलाय. घे, तू लाव.”

वहिनीनं घेतलं. सवयीनं गळ बेडकीच्या डोळ्याकडे न्यायला लागली.

“आता सरळ लाव गं,” दादा म्हणाला. “इतके महिने वाकडं लावून कंटाळली असशील.”

वहिनीचा हात जागच्या जागी थांबला. धाकट्याच्या तोंडचं पाणीच पळालं. “मी नाही सांगितलं! वहिनी, शपथ! कात्रीची शपथ, मी एक शब्द...”

“त्यानं नाही सांगितलं,” दादा म्हणाला. “हा जन्माचा बडबड्या माझे केस कापताना एक शब्द बोलला नाही, तेव्हाच खात्री पटली माझी. पण कळलं होतं पहिल्याच दिवशी. अगं, जिचा टाका रेक्झिनमध्ये चुकत नाही, तिला बेडकीचं नाक सापडत नाही होय? खुळा समजलीस मला?”

“मग बोलला का नाहीत?” वहिनीचा आवाज फुटला होता. “चिडत का राहिलात रोज?”

दादानं पाय तुटलेली बेडकी उचलून पेटीत ठेवली.

“सुरुवातीला रागच आला होता. म्हटलं, उठावं आणि फेकून द्यावी ती पेटी. पण तू रोज संध्याकाळी पाट ओढून माझ्यासमोर बसायचीस. दिवसभर त्या सोफ्यांत वाकून कंबर मोडलेली असायची तुझी, आणि तरी बसायचीस. मला वाटायचं, एकदा का मी म्हटलं की कळलंय मला, तर तू उठून जाशील. म्हणून बेडकी निसटली की मी पुन्हा धरायचो. हातासाठी नाही गं. तू समोरून उठू नयेस म्हणून.”

रेडिओ शेजारीच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं आणि नाक पुसलं.

वहिनीनं मान खाली घातली आणि गळ लावायला घेतला. नाक, हनुवटी, बाक, फिरकी. पण डोळ्यांत पाणी मावेना, आणि डोळे मिटूनसुद्धा टाका न चुकणाऱ्या त्या बाईची बोटं लटलट कापत होती. गळ पोटातून वर आला तो पाठीवर न येता कुशीतून बाहेर निघाला. ती बेडकीकडे बघत राहिली. या वेळी खरोखरच वाकडी लागली होती.

“दे इकडे,” दादा म्हणाला, आणि उजवा हात पुढे केला.